तज्ज्ञ नावाची पाहुणी

मी त्या बैठकीत गप्प बसले असते तर हे काम माझ्या गळ्यात पडलं नसतं. पण गप्प बसण्याचा आणि माझा जन्मापासून छत्तीसचा आकडा आहे. वाशीमला, जिल्ह्याच्या ठिकाणी, बैठक होती. वीज कुठं जास्त पडते, पुराचं पाणी कुठल्या गावात शिरतं, गारपीट कुठं झोडपते, ऊन कुठं माणसाला आडवं करतं, हे सगळं तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं आणि मग कुठल्या गावाला काय द्यायचं ते ठरवायचं, असा विषय. मी रिसोडला कॉलेजात भूगोल शिकवते म्हणून मलाही बोलावणं होतं. चहा-बिस्किटं झाली, लोक उठायच्या बेतात आले, आणि मी विचारलं, "तज्ज्ञ तज्ज्ञ म्हणताय, पण ते आणणार कोण?" सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. बोलेल तो करेल, हा आमच्याकडचा जुना कायदा आहे.

मग माझे फोन सुरू झाले. पुण्याचे एक हवामानवाले चटकन तयार झाले, कारण त्यांना खुर्चीतून उठायचंच नव्हतं. उपग्रहाची चित्रं पाहून ते तिथूनच सगळं सांगणार होते. पूर पाहायला अमरावतीचे एक इंजिनिअर मिळाले, भला माणूस. गाडं अडलं ते उन्हापाशी. उन्हानं माणसाच्या शरीरात काय बिघडतं ते जाणणारा डॉक्टर काही केल्या मिळेना. एकांनी मलाच भूगोल शिकवला, "ऊन बघायचं तर अकोल्यात बघू ना. वाशीम उंचावर आहे, तुमच्याकडं तर गारवा असतो." दुसरे म्हणाले डिसेंबरात येतो, आणि वर विचारलं, हुरड्याचं काही जमेल का. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हुरडा हवा तेवढा खाऊ घालते, पण डिसेंबरात तुम्हाला दाखवायला ऊन कुठून आणू?" त्यांनी हसून फोन ठेवला आणि नंतर कधी उचलला नाही.

डॉक्टर मिळाला नाही तर यंदा उन्हाचा विषय बाजूला ठेवू, असं बैठकीतले लोक म्हणू लागले होते. बाजूला ठेवणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तपासणीत ज्याचा उल्लेख नाही त्याला पुढं काहीच मिळत नाही. सावलीची शेड नाही, पाण्याची टाकी नाही, उन्हाळ्यात वस्तीवर फिरणारी नर्स नाही. आणि माझी काकू टिनाखाली राहत होती.

माझं माहेर कामरगावच्या पुढं. गावाबाहेर बरडावर, म्हणजे जिथं गवतही धड उगवत नाही अशा मुरमाड उंचवट्यावर, टिनाच्या घरांची एक वस्ती आहे. वाटण्या झाल्यावर माझे धाकटे काका तिथं राहायला गेले. भिंती टिनाच्या, छत टिनाचं, आणि अख्ख्या वस्तीत मिळून एक कडुनिंब. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात काका तिथंच गेले. वय झालं होतं, असं काकूनं सगळ्यांना सांगितलं आणि कागदावरही तेच चढलं. माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही. मरण्याच्या आदल्या आठवड्यात हा माणूस सायकल मारत कामरगावच्या बाजाराला जाऊन आला होता. पण काकूपुढं तो विषय काढला की ती उठून भांडी घासायला घ्यायची.

तिचा मुलगा पुण्याला कंपनीत असतो. त्यानं नेलं होतं तिला, पण ती महिन्याभरात परत आली. "मले तिथं कोंडल्यावानी होते, माय," एवढंच म्हणाली. येता मे ती त्याच टिनाखाली काढणार होती. बैठकीत मी मोठमोठ्या गोष्टी बोलत होते, पण माझ्या डोक्यात हीच एक बाई होती, आणि ते कबूल करायला मला कसली लाज नाही. मी ठरवलं होतं, डॉक्टर आणायचाच. नागपूर नाही तर हैदराबाद, पण आणायचाच.

शेवटी नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई सापडल्या. पन्नाशी उलटलेल्या, बोलणं तोडून टाकणारं. उष्माघातावर त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. त्या म्हणाल्या, "मी एक दिवस येते. इथं माझी गरज आहे असं दिसलं तर काम घेईन, नाहीतर चंद्रपूरकडचे लोक केव्हाचे मागं लागलेत. कोणी डोळ्यांत पाणी आणलं म्हणून मी काम घेत नाही."

"पाणी नाही आणत," मी म्हटलं. "फक्त मेमध्ये या. आणि दुपारी या."

"येईन," त्या म्हणाल्या. एवढ्या साध्या शब्दानं मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नसेल.

मी लगेच गावी थोरल्या भावाला फोन केला. तो ग्रामपंचायतीत आहे, त्याला सांगितल्याशिवाय गावात पान हलत नाही. नागपूरहून मोठ्या डॉक्टर येणार म्हटल्यावर त्याचा आवाजच बदलला. "तू काहीच काळजी करू नोको," तो म्हणाला. खरं तर तेव्हाच मला काळजी लागायला हवी होती.

ठरल्या दिवशी मी डॉक्टरबाईंना कारंज्याहून घेऊन गावात आले तर मारुतीच्या देवळाचं सभागृह लग्नाला सजवावं तसं सजलेलं. दगडी भिंतींचं ते सभागृह तसंही गावातलं सगळ्यात थंड ठिकाण. त्यात भावानं लग्नाचं सामान भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रातून मोठाले कूलर आणले होते आणि त्यांत नवा वाळा भरला होता. पहाटेपासून अंगणात सडे मारलेले. गालिचे, खुर्च्या, बर्फ घातलेलं पन्हं. दुपारी म्हणून ठरलेला कार्यक्रम त्यानं मॅडमना परस्पर फोन करून सकाळवर आणला होता, उन्हाचा त्रास नको म्हणून! मला कळलं तेव्हा मॅडम नागपूरहून निघाल्याही होत्या. आत पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर शहारा आला, चक्क थंडीनं.

डॉक्टरबाईंनी लोकांना विचारायला सुरुवात केली. उन्हाचा त्रास होतो का?

"नाही जी, आमाले सवय हाये."

दुपारी घरात बसवतं का?

"बसवते ना. मस्त झोप लागते."

मागच्या उन्हाळ्यात कोणी आजारी पडलं? यावर एक पागोटेवाले आजोबा उठून उभेच राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "आमचं गाव लय हवेशीर हाये म्याडम. तुमी चार दिस रायाले या." सगळ्यांनी माना डोलावल्या. बरडावरची माणसंसुद्धा डोलावत होती. आमच्याकडं पाहुण्यापुढं गाऱ्हाणं मांडत नाहीत. ताटात मीठ कमी असलं तरी पाहुणा बोलत नाही, आणि घरात दाणा नसला तरी यजमान बोलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुठी आवळून बसलो आहोत.

काकू पुढच्याच रांगेत होती, ठेवणीतलं पातळ नेसून. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "आजी, घरी कोण कोण असतं?"

"एकलीच हावो."

"मालक?"

"ते गेले. वय झालतं त्याईचं."

मला असा संताप आला की कूलर उचलून फेकावासा वाटला. मी भावाला दाराबाहेर ओढलं. "हे काय करून ठेवलं तू? मॅडम ऊन पाहाले आल्या अन् तू त्याईले काश्मीर दाखवून राह्यला!"

तो खरोखर गोंधळला. "मंग काय पाव्हन्याले उन्हात बसवू? काहून चिडचिड करून राह्यली?"

"पाव्हनी नाही ते. डाक्टर हाये."

"गावात आली म्हंजे पाव्हनीच," तो म्हणाला. त्याच्या बाजूनं तो विषय संपला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कोणाला बोलणार होते? माझा भाऊ वाईट माणूस नाही. त्या दिवशी त्यानं जे केलं ते आमच्या आईनं शिकवलेलंच होतं.

जेवणं झाली. रोडगे, वांग्याची भाजी, आमरस. डॉक्टरबाई मन लावून जेवल्या आणि हात पुसत मला म्हणाल्या, "गाव छान आहे तुमचं. पण खरं सांगू? इथं माझी फारशी गरज दिसत नाही. मी अशी गावं पाहिलीत जिथं लोक पाय धरतात." त्यांनी पर्स खांद्याला लावली. ड्रायव्हरनं गाडी सावलीतून काढली. माझी एवढ्या दिवसांची खटपट त्या गाडीत बसून नागपूरला निघाली होती.

पाय धरायला मी तयार होते, पण त्याचा उपयोग नाही हे त्यांनीच सांगून ठेवलेलं. मग म्हटलं, ज्या रीतीनं घात केला तिलाच कामाला लावू. मी भर सभागृहात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, पाव्हनी तुह्या गावातून चालली, अन् तुह्या घरचा चहा नाही?"

काकूचा चेहरा पडला. आमच्याकडं असं चारचौघांत विचारल्यावर बाई नाही म्हणूच शकत नाही. भाऊ मध्ये पडला, "चहा इथंच मांडतो ना मी." मी म्हटलं, "नाही, काकूच्या घरचा." काकूनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पण ती हात जोडून डॉक्टरबाईंना म्हणाली, "चाला ना बाई, गरिबाच्या घरी. पाच मिनिटं." डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं आणि हो म्हटलं. बाहेर ऊन माथ्यावर आलं होतं.

काकू आमच्या पुढं जवळजवळ पळतच गेली, घर आवरायला. आम्ही बरडावर पोचलो तेव्हा शेजारच्या दोघी तिच्या छतावर बादल्यांनी पाणी मारत होत्या. ते त्यांचं दिवसाचं प्यायचं पाणी होतं. पाणी टिनावर पडलं की चर्र आवाज व्हायचा आणि पत्रा होता तसा कोरडा. मी त्यांना थांबा म्हटलं, पण पाहुणी पाहिल्यावर त्यांनी उरलेली बादलीही रिकामी केली.

आत एकच खुर्ची होती. तिच्यावर डॉक्टरबाईंना बसवलं. टेबलफॅन त्यांच्याकडं वळवला, तो भट्टीपुढची हवा तोंडावर फेकू लागला. वरचे पत्रे तडतडत होते. काकूनं गॅसवर चहा ठेवला आणि एका हातानं चहा ढवळत दुसऱ्या हातानं ती पाहुणीला हातपंख्यानं वारा घालू लागली. मी पंखा मागितला, तिनं दिला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, राहू द्या आजी. ती म्हणाली, "असं कसं?"

 डॉक्टरबाईंच्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवर येत होता आणि त्या एकटक काकूकडं पाहत होत्या. काकूनं चहात साखर टाकली. जरा वेळानं पुन्हा टाकली. मग पुन्हा डबा उघडला.

"आजी," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "मला एवढा घाम आलाय. तुम्हाला का नाही येत?"

"आमाले सवय हाये," काकू म्हणाली, आणि तिच्या हातातला पंखा खाली पडला. ती वाकली तशी वाकतच गेली. डॉक्टरबाई खुर्ची ढकलून पुढं झाल्या आणि तिला मधल्यामध्ये धरलं. "गॅस बंद करा. हिला बाहेर घ्या, झाडाखाली. पाणी आणा, लवकर!" बोलणं तोडून टाकणारा तोच आवाज, पण मला तो त्या क्षणी देवासारखा वाटला. आम्ही दोघींनी तिला उचललं. काकूचं अंग तापलेल्या तव्यासारखं लागत होतं. मला रडू फुटलं होतं, आणि त्याच वेळी स्वतःचाही राग येत होता, की चहाचा हट्ट मीच धरला. पण हेही खरं की मी हट्ट धरला नसता तरी ती त्याच घरात, त्याच दुपारी असती, फक्त एकटी.

कडुनिंबाखाली बाज टाकली. आम्ही तिच्या मानेला, काखेला, पायांना ओली फडकी लावली आणि मी पंखा हलवत राहिले. तिचं भान पुरतं गेलं नव्हतं. डोळे उघडून ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "पाव्हनीसमोर आडवी कशी होऊ मी, उठव मले." डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला उठू दिलं नाही. गाडीवाल्याला त्यांनी गाडी जवळ आणून तयार ठेवायला सांगितलं, वेळ पडली तर दवाखान्यात न्यायला. पण हळूहळू काकूच्या कपाळावर घामाचे थेंब दिसू लागले. नाडी धरून बसलेल्या डॉक्टरबाईंनी मोठा श्वास सोडला. मीठ-साखरेचं पाणी तिला घोट घोट पाजलं.

बरीच सावरल्यावर काकू वर फांद्यांकडं पाहत पडून राहिली. मग कोणी काही विचारलं नसताना म्हणाली, "त्याईले इथंच याचं होतं."

मी पंखा थांबवला. डॉक्टरबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, हलवत राहा.

"शेजारच्या पोरीले पाहाले पाव्हने आलते त्या दिवशी," काकू सांगू लागली. "दुसरीकडं कुठी सावली हाये बाई इथं? साऱ्या वस्तीनं झाड खाली करून देल्लं. सगळ्याइच्या बाजा, सतरंज्या इथं आनून टाकल्या पाव्हन्याइसाठी. अन् हे घरात पडून. मले म्हने, मले झाडाखाली ने. मी म्हनलं, जराक दम धरा, पाव्हने उठू द्या. पोरीचं जमून राह्यलं, तुमी असे मधात जाऊन पडसान तं लोक काय म्हनतीन? तेही म्हने, बराबर हाये." मी पंखा हलवत होते. "पोहे झाले, चहा झाला. पाव्हने उठेच ना. मी दोनदा दारात येऊन पाह्यलं. मंग आत गेली तं ते बोलतच नव्हते."

 शेजारच्या दोघी बादल्या धरून उभ्या होत्या, त्यांतली एक त्या मुलीची आई होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"पोरीचं जमलं मात्र," काकू म्हणाली. "चांगल्या घरी पडली."

दोन वर्षं हे पोटात घेऊन ही बाई लोकांना वय झालं होतं म्हणून सांगत होती. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि सगळ्या गावाला धरून हलवावंसंही वाटत होतं. डॉक्टरबाई खूप वेळ काकूचा हात हातात घेऊन बसल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मी हे काम घेते. पुढच्या आठवड्यात येईन, आणि इथंच राहीन. या वस्तीवर, टिनाखाली. त्याशिवाय मला काही कळणार नाही."

तेवढ्यात भाऊ धावत वर आला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. काकू शुद्धीवर आहे हे पाहून त्याच्या जिवात जीव आला, आणि डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते ऐकून पुन्हा गेला. "टिनाखाली? नाही म्याडम, माह्या घरी खोली हाये, कूलर हाये. पाव्हन्याले आमी टिनाखाली नाही ठेवत."

"मी पाहुणी म्हणून येत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या.

 भाऊ काकूकडं पाहू लागला, ती तरी समजावेल म्हणून. ऊन सरकलं होतं, झाडाची बरीच सावली शेजारच्या पत्र्यांवर चढली होती आणि खाली ती बाजेपुरतीच उरली होती. त्या आक्रसलेल्या सावलीच्या कडेला, अर्ध्या उन्हात, वस्तीतली एक म्हातारी येऊन उभी होती. नागपूरची डॉक्टरीण मध्ये बसलेली, म्हणून ती पुढं यायला धजत नव्हती. काकूनं कोपरावर जोर देऊन मान उचलली. तिनं म्हातारीकडं पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडं पाहिलं.  उभ्या जन्मात तिनं असं कोणाला म्हटलं नसेल.

"म्याडम," काकू म्हणाली, "जराशा तिकडं सरका. तिले सावलीत येऊ द्या."

भावानं कपाळाला हात लावला. डॉक्टरबाई सरकल्या.